आजी जेवत नाहीत? आधी तोंड बघा

वृद्धाश्रमात तपासणीला गेलो की एक वाक्य हमखास कानावर येतं : "आजी हल्ली जेवतच नाहीत, वय झालं." आम्ही आधी तोंड उघडून बघतो. परवा एका आजींची कवळी कित्येक दिवस काढलेलीच नव्हती. काढली तर टाळू लालभडक, बुरशी आलेली. भाकरी कशी चावणार? अंघोळ, औषधं वेळेवर. तोंड मात्र कुणाच्याच कामात धरलेलं नसतं. तिथे राबणाऱ्या मावशी आपल्याच वस्त्यांतल्या. त्यांना हे कुणी शिकवलेलंच नाही, दोष त्यांचा कसा?

कवळी रोज रात्री काढायची, साबण-ब्रशने घासून साध्या पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात ती वाकडी होते. दात नसले तरी हिरड्या आणि जीभ ओल्या मऊ फडक्याने पुसायची. अंथरुणाला खिळलेल्याला आधी बसतं करा. आडवं ठेवून चूळ भरायला लावली तर पाण्यासोबत तोंडातली घाण फुप्फुसात उतरते, न्यूमोनिया होऊ शकतो. मिश्री लावणाऱ्यांच्या गालाच्या आत पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवडे न भरणारी जखम दिसली, तर सरकारी दवाखान्यात दाखवाच.

आपलं माणूस तिथे असेल तर भेटीला केळी नेता तसा मऊ ब्रशही न्या. आणि विचारा, रात्री कवळी कोण काढतं?