जिवंत मालाचा व्यापार

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या पेढीवर येणाऱ्या तरुण मंडळींच्या तोंडी ‘बायोटेक’ हा शब्द वारंवार येऊ लागला आहे. कोणाचा पुतण्या हैदराबादेस ह्या विषयाची पदवी घेत आहे, कोणाची कन्या पुण्यास प्रयोगशाळेत उमेदवारी करीत आहे. सुटीत घरी आली म्हणजे ही मुले वडिलांस म्हणतात, “अडतीत आता काय राहिले आहे? बदलत्या हवामानावर उतारा पडेल असा एखादा जैविक उद्योग काढू.” वडील आमच्याकडे येतात आणि विचारतात, ह्यात कितपत तथ्य आहे? आम्ही भुसार मालाचे व्यापारी. शाळा मॅट्रिकलाच सुटली. परंतु ह्या मालात आम्ही थोडा हात घातला आणि तो थोडा भाजूनही घेतला आहे. तेवढ्या अधिकाराने हा लेख सादर करीत आहोत.

हवामान बदलते आहे हे भुसार व्यापाऱ्यास कोणी शास्त्रज्ञाने सांगावयास नको. सन २०२३ चा ऑगस्ट महिना आठवावा. सन १९०१ पासून देशात ठेवल्या गेलेल्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट झालेला नव्हता. पाऊस सरासरीच्या छत्तीस टक्के कमी पडला. कर्नाटकात बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर करावे लागले. त्या साली तुरीचे पोते ज्या भावाने विकले गेले ते आमच्या खतावणीत आहे आणि घरोघरच्या गृहिणींच्या स्मरणातही आहे. पीक बुडाले म्हणजे भाव चढतात आणि व्यापाऱ्याचे फावते, असा एक लोकप्रवाद आहे. प्रत्यक्षात शेतकऱ्याकडची उधारी त्या वर्षी वसूल होत नाही, हे लोकांस दिसत नाही.

आता ह्या संकटावर ज्या उद्योगांचा बोलबाला आहे त्यांत पहिला मान इथेनॉलचा. तो आमच्या पेठेच्या अंगणातच येऊन उभा राहिला आहे. पूर्वी तो मळीपासून होई. सन २०२३ मध्ये प्रथम तांदळाचा सरकारी पुरवठा थांबला, पुढे उसाच्या रसावर निर्बंध आले, आणि कारखानदार मक्याकडे वळले. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघते. मक्याची मागणी एवढी वाढली की, जो देश मका परदेशी पाठवीत होता तो सन २०२४ मध्ये मका आणू लागला. कोंबड्या पाळणारे ओरडू लागले. इंदूरकडील आमच्या सोयाबीनवाल्या बंधूंचे दुखणे निराळे : मक्याचा उरलेला चोथा पशुखाद्य म्हणून स्वस्तात बाजारात आल्याने त्यांच्या पेंडीचे भाव दबले. पानिपत येथे ऑगस्ट २०२२ मध्ये जो कारखाना राष्ट्रास अर्पण झाला तो मात्र धान्याऐवजी भाताच्या काडापासून इथेनॉल करतो; शेतात जाळून टाकावयाचे काड तेथे वर्षास दोन लाख टन लागते. ही दिशा आम्हांस अधिक पसंत आहे. तथापि असे कारखाने शेकडो कोटींचे; आमच्या सभासदांच्या भांडवलात बसणारे नव्हेत. शिवाय श्रावकाचारातील पंधरा कर्मादानांत रसवाणिज्य आहे. गाडीत जाळावयाचे मद्यार्क हे रसवाणिज्यात मोडते की नाही, ह्यावर आमच्या मंदिराच्या ओसरीवर दोन तट पडलेले आहेत आणि अद्याप निकाल लागलेला नाही.

म्हणून आम्ही दुसऱ्या, लहान दाराकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ते म्हणजे जिवाणू खत.

ह्याचा हवामानाशी संबंध थोडा आडवळणाने आहे. पिकास नत्र लागते. हवेचे चार पंचमांश नत्रच आहे. पण पिकास ते तसे घेता येत नाही. सन १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊ येथे हाबर आणि बॉश ह्यांच्या रीतीने हवेतील नत्र प्रचंड दाबाखाली व चारशे-पाचशे अंश उष्णतेत बांधण्याचा कारखाना सुरू झाला. आजचा युरिया त्याच कुळातला. तो करण्यास नैसर्गिक वायू जाळावा लागतो, आणि आपल्या देशात त्या वायूचा मोठा भाग जहाजाने येतो. पुढे शेतात टाकलेल्या नत्राचा काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन आकाशात जातो. वजनास वजन धरले तर हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे एक पोते युरिया कारखान्यात एकदा व शेतात दुसऱ्यांदा, असा दोनदा हवा तापवितो.

कडधान्यांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडविला होता. हरभरा, तूर, मूग, सोयाबीन ह्यांच्या मुळांवर ज्या गाठी असतात त्यांत रायझोबियम जातीचे जिवाणू राहतात. झाडापासून साखर घेतात आणि त्याबदल्यात हवेतील नत्र बांधून देतात. हा एक प्रकारचा भागीचा व्यवहारच होय, आणि त्यात अडत्या नाही! सन १८८८ मध्ये जर्मनीत हेलरीगेल व विल्फार्थ ह्यांनी हे सिद्ध केले. सन १८९६ मध्ये नोब्बे व हिल्टनर ह्यांनी त्या जिवाणूंचे विरजण ‘नायट्राजिन’ नावाने विक्रीस आणलेही. धंदा नवा नाही, हे ध्यानात यावे.

ह्यात खरा कीर्तिध्वज उभारला तो ब्राझीलने. सोयाबीन त्या देशात परके. येथल्या माळव्याप्रमाणेच तेथील जमिनीतही त्याचे जिवाणू मुळात नव्हते. योहान्ना ड्योबेराइनर ह्या विदुषीने आग्रह धरला की, हे पीक नत्रखताविना, जिवाणूंच्या बळावर वाढवावयाचे. मारियांजेला हुंग्रिया ह्यांनी ते काम पुढे नेले, दरवर्षी बियाण्यास नव्याने जिवाणू लावल्यास उत्पन्न सरासरी आठ टक्के वाढते हे दाखविले, आणि सन २०२५ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळविले. त्या पारितोषिकाच्या वेळी जाहीर झालेल्या अंदाजानुसार तेथील शेतकऱ्यांचा वर्षास पंचवीस अब्ज डॉलरपर्यंत खर्च वाचतो आणि २३ कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका उपसर्ग टळतो. असा लाभ ज्या मालाने होतो त्याची पुडी पाव किलोची असते.

ह्या पुडीनेच आमची फजिती केली. काही वर्षांपूर्वी एका उत्पादकाचा मनुष्य चैत्रात पेढीवर आला, दर चांगला दिला, आणि आम्ही सोयाबीनच्या जिवाणूंच्या तीनशे पुड्या घेऊन पोटमाळ्यावर टाकल्या. वर पत्रे, वैशाखाचे ऊन. तांदूळ जुना झाला म्हणजे त्याचा भाव वाढतो, ह्या संस्कारात वाढलेल्या आमच्या मनाला माल माळ्यावर मरू शकतो हे सुचलेच नाही. मृगात पुड्या खपल्या. श्रावणाच्या सुरुवातीस बैलहोंगल तालुक्यातील एक जुने गिऱ्हाईक उपटलेली चार रोपे घेऊन आले आणि काही न बोलता ती गादीवर ठेवली. मुळांवर गाठी मोजक्याच. नखाने फोडल्या तर आत पांढऱ्या. काम करणारी गाठ आत गुलाबी असते. उरलेल्या पुड्या आम्ही तपासणीस पाठविल्या, तेव्हा त्यांत जिवंत जिवाणू जवळजवळ नसल्याचे कळले. कायद्याने भुकटीच्या एका ग्रॅममध्ये निदान पाच कोटी असावे लागतात. आम्ही काळी राख विकली होती. दिवाणजी म्हणाले, पुडीवरची मुदत संपलेली नव्हती, आपला दोष नाही. आम्ही रोजमेळ उघडून ज्यांची नावे सापडली त्या सर्वांस पैसे परत केले, आणि त्या गिऱ्हाइकास दोन पोती युरिया आमच्या खर्चाने दिला. हवा तापविणारे तेच औषध शेवटी कामी आले, हे येथे लपवीत नाही.

ह्यावरून तरुण मंडळींस सांगावयाचे ते असे. जिवाणूंच्या जाती कृषी विद्यापीठांतून मिळतात. ते वाढविण्याची भांडी कोठेही विकत मिळतात. नव्या कल्पनेच्या सिद्धतेसाठी ‘बायरॅक’ ही सरकारी संस्था पन्नास लाख रुपयांपर्यंत अनुदान देते, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या ‘बायो-ई-३’ धोरणात हवामानास तोंड देणाऱ्या शेतीचा स्वतंत्र उल्लेख आहे. कमतरता आहे ती कारखान्यापासून शेतापर्यंतच्या वाटेची. माल थंड ठेवावा. हरभऱ्याची पुडी सोयाबीनला देऊ नये. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्यास चोळावी, सावलीत सुकवावी आणि त्याच दिवशी पेरावी. बुरशीनाशकाशी मिसळू नये. हे सांगणारा मनुष्य दुकानात हवा. खताच्या विक्रीचा परवाना लागतो, तो काढावा. दर लाटेतील चार पुड्या तपासणीस पाठविण्याचा खर्च आरंभीच दरात धरावा. युरिया सरकारी साहाय्याने एवढा स्वस्त आहे की, किमतीच्या स्पर्धेत जिवाणू खत टिकणार नाही. ते विकले जाईल ते विक्रेत्याच्या शब्दावर. म्हणजे पतीवर. तेवढे भांडवल आमच्या पेढ्यांपाशी आहे.

राहिला धर्माचा प्रश्न. पुडी भरण्यापूर्वी आतील लिग्नाइटची भुकटी वाफेने निर्जंतुक करतात, म्हणजे असंख्य सूक्ष्म जीवांची हिंसा होते. आम्हांस शास्त्राचा अधिकार नाही. त्यागी जनांनी मार्गदर्शन करावे. इतके मात्र नमूद करतो की, आम्हां भुसारवाल्यांच्या गोदामांत कीड मारण्यासाठी विषारी गोळ्यांची धुरी वर्षानुवर्षे दिली जाते आणि तिच्यावर ओसरीवर कधी दोन तट पडलेले आम्ही पाहिले नाहीत.

गेल्या फाल्गुनात चिरंजिवांनी दुकानात काचेच्या दाराचे एक शीतकपाट आणून बसविले. गिऱ्हाइके प्रथम त्यात सरबत शोधीत. ज्येष्ठात बैलहोंगलचे तेच गृहस्थ आले, कपाटाच्या काचेवर हात ठेवून गारवा पाहिला, पुडीवरची तारीख दोनदा वाचवून घेतली आणि म्हणाले, “सावकार, चार द्या, पैसे सुगीनंतर.” आम्ही नेहमीप्रमाणे खतावणीत मांडून घेतले.