उन्हाची कणगी
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वैशाखात परीक्षेचे दिवस होते. भर दुपारी वीज गेली आणि घरात बसवेना, म्हणून पुस्तके उचलून मी शेजारच्या काकांकडे गेले. त्यांच्या छतावर सौर पॅनेल आहेत, तेव्हा तिथे पंखा चालू असेल असा माझा हिशोब. पाहते तो तिथेही पंखा बंद! "अगं, लाईन गेली की हेही बंद पडतं," काका म्हणाले. डोक्यावर एवढे ऊन तापलेले, आणि वीज नाही! आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. असले प्रश्न घरी विचारणार कोणाला? ग्रंथालयात बसून जे समजले ते वाचकांपुढे ठेवते.

काकांचा संच वीज कंपनीच्या तारेला जोडलेला आहे. दिवसा घरात वापरून उरलेली वीज तारेवर जाते, रात्री तेवढी परत घेता येते, आणि बिल फक्त फरकाचे येते. ही एक उसनवारीच. दिवसा शेजारणीला वाटीभर पीठ द्यावे, रात्री परत आणावे. पण तिच्या दाराला कुलूप असले तर? शिवाय लाईन गेली की संच मुद्दाम बंद पडेल अशीच व्यवस्था असते. नाहीतर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरच्या विजेचा धक्का बसायचा.

यावर उपाय बॅटरीचा. तिच्याजोगा इन्व्हर्टर असला, तर लाईन जाताच घर तारेपासून अलग होते आणि साठवलेल्या विजेवर दिवे-पंखे चालतात. बॅटरी म्हणजे घरची कणगी.

परंतु कणगीला पैसे लागतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या 'पीएम सूर्य घर' योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन वा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. हा हिशोब पॅनेलचा; बॅटरीसाठी त्यात वेगळा पैसा नाही.

मग बॅटरीला कोणी साह्य केले आहे काय? ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहराच्या नगरपालिकेने २०१५ साली केले. निम्मा खर्च, मात्र जास्तीत जास्त ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. पुढच्याच वर्षी, २८ सप्टेंबर २०१६ रोजी, वादळात त्या अख्ख्या राज्याची वीज गेली. २०१८ मध्ये राज्य सरकारने घरगुती बॅटरीसाठी योजना काढली, आणि १ जुलै २०२५ पासून देशाच्या सरकारने सुमारे तीस टक्के सवलत सुरू केली. नगरपालिकेने उचललेले पाऊल देशाने उचलायला दहा वर्षे गेली.

आमची ग्रामपंचायत काही श्रीमंत नव्हे. पण सूर्य घर योजनेत गावात बसणाऱ्या प्रत्येक संचामागे स्थानिक संस्थेला १,००० रुपये प्रोत्साहन ठेवलेले आहे. पन्नास छते झाली तर पन्नास हजार. त्यातून गावच्या वाचनालयात एक बॅटरी बसवता येईल का? पॅनेल घेण्याची ऐपत नसलेल्या आमच्यासारख्या घरांतली मुले निदान तिथे बसून वाचतील.

हा प्रश्न मी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विचारणार आहे. मला अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत, तेव्हा बोलण्याचा हक्क आहे. आमच्या घरातून तिथे आजवर कोणी बोललेले नाही. आई म्हणते, "कागदावर लिहून ने, म्हणजे घाबरणार नाहीस." तो कागद हाच.