भट्टीच्या बुडाखालचे पांघरूण

बेकरीतली विटांची भट्टी तुम्ही पाहिली आहे का? आत लाकडे पेटवून ती तापवतात. मग निखारे बाजूला ओढून तापलेल्या फरशीवरच पाव भाजतात. अशी लहान भट्टी अंगणात बांधली, तर पुष्कळदा पाव वरून करपतो, पण बुडाला कच्चाच राहतो. फरशीची उष्णता गेली कुठे?

ती खाली गेली! ‘उष्णता वर जाते’ असे आपण सहज म्हणतो. पण वर जाते ती गरम हवा. घन पदार्थांत वहनाने उष्णता सर्व दिशांना पसरते. फरशीखाली काँक्रीटचा ओटा असला, तर तोही तापू लागतो.

थोडा हिशेब करू. १ मीटर लांब, १ मीटर रुंद व १० सेंटिमीटर जाड काँक्रीटचे वस्तुमान सुमारे २४० किलोग्रॅम भरते. त्याची विशिष्ट उष्णता ०.२ धरली, तर तापमान २००° से. ने वाढवण्यास २४० × ०.२ × २०० = ९,६०० किलोकॅलरी लागतील. एक किलो सुक्या लाकडापासून सुमारे ४,००० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे जवळजवळ अडीच किलो लाकडाची सगळी उष्णता ओट्यानेच गिळली!

म्हणून ओट्यावर, फरशीच्या लगेच खाली, मंदवाहक थर हवा. तो ओट्याखाली घातला तर ओटा तापायचाच. यासाठी पर्लाइट वापरतात. ही ज्वालामुखीतून बनलेली काच. तापवली की लाहीसारखी फुलते. पाच मापे पर्लाइट व एक माप सिमेंट पाण्यात कालवून १० सेंटिमीटरचा थर देतात. त्याची उष्णतावाहकता साध्या काँक्रीटच्या साधारण एक दशांश असते. त्यावर वाळूचा पातळ थर पसरून अग्निरोधक विटा बसवतात.

खरे काम करते ती पर्लाइटमध्ये अडकलेली हवा. तिच्या जागी पाणी शिरले, तर घात होतो. पाण्याची वाहकता हवेच्या वीसपटींहून अधिक आहे. म्हणून ओटा उंच, वर छप्पर आणि सुरुवातीचे काही दिवस मंद जाळ. एकदम मोठा जाळ केला, तर आतल्या वाफेने भेगा पडतात.

हे शिक्षकांच्या मदतीने पडताळून पाहा. एका डब्यात सुका आणि दुसऱ्यात ओला लाकडाचा भुसा भरा. दोहोंत गरम पाण्याचा एकेक झाकणबंद पेला रोवा. वीस मिनिटांनी तापमापी लावा. मात्र आपला अंदाज वहीत आधी लिहा!