अर्धा बँड, अठ्ठावन्न गुण

“मावशी, यंदा वाढदिवसाचं काही करू नकोस. सहा मार्क जाणार आहेत माझे,” भाची म्हणाली तेव्हा मला वाटलं, थट्टा करतेय. थट्टा नव्हती. मुलगी बत्तीस पूर्ण, सिव्हिल इंजिनिअर, एम.ई. स्ट्रक्चर्स. पुण्यातल्या दोन टॉवरांचे स्लॅब तिने स्वतः उभं राहून टाकून घेतलेत. पण कॅनडाच्या पीआरच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, हिशेबात एकट्या उमेदवाराला बत्तीस पूर्ण असताना वयाचे ९४ गुण मिळतात आणि तेहतीस पूर्ण झाली की ८८. पंचेचाळिशीला शून्य. मुलीचं वय असं पाड्यासारखं मोजलेलं मी आजवर फक्त लग्न जमवणाऱ्यांच्या तोंडी ऐकलं होतं. कुतूहल वाटलं, थोडा रागही आला. मग मी तिच्याबरोबर हिंडायला लागले.

पहिला उंबरठा १०० पैकी ६७ गुणांचा. तो तिने सहज ओलांडला. तिथून पुढे सगळे एकाच हौदात. तिथला हिशेब १२०० चा, त्यातले ६०० एखाद्या प्रांताने नाव सुचवलं तरच मिळणारे. अधूनमधून सोडत निघते आणि वरच्या काही हजारांना बोलावणं येतं. अकरावीच्या कट-ऑफ याद्यांवर वाढलेल्या आपल्या घरांना यात नवं काहीच नाही. फरक एवढाच, की इथे गेल्या वर्षीचा कट-ऑफ बघून यंदाचा अंदाज बांधता येत नाही. नोकरीची ऑफर असेल तर मिळणारे गुण मार्च २०२५ मध्ये काढूनच टाकले. त्या भरवशावर बसलेल्यांचं काय झालं असेल, कोण जाणे.

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या पहिल्या निकालात तिला लिसनिंगला ८, रीडिंगला साडेसात, स्पीकिंगला ७ आणि राइटिंगला साडेसहा. हवे होते ७. मी म्हटलं, अर्ध्याचं काय एवढं? तिने कागद ओढला. राइटिंगचे सरळ ८ गेले. शिवाय चांगल्या इंग्रजीची जोड असली की पदवीला ५० आणि अनुभवाला ५० मिळतात. चारांपैकी एका भागात अर्धा बँड घसरला की ते दोन्ही निम्मे. आठ आणि पन्नास, अठ्ठावन्न. दोन वर्षं घासून केलेल्या एम.ई.चे, नुसत्या बी.ई.पेक्षा जास्तीचे, शिक्षणाच्या रकान्यात १५. आणि एका निबंधातल्या अर्ध्या बँडचे अठ्ठावन्न. तिने तो आकडा पेन्सिलीने फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला.

पदव्यांची पारख कॅनडाचं सरकार स्वतः करत नाही, ठरवून दिलेल्या संस्थांकडून करून घेतं. तिचे कागद त्यांपैकी टोरंटोच्या ‘वेस’कडे जायचे होते आणि तेही विद्यापीठाने बंद केलेल्या पाकिटातून. त्यासाठी जुलैतल्या एका सकाळी आम्ही ट्रान्सक्रिप्टच्या खिडकीपाशी उभ्या होतो. आतून डिंकाचा आंबूस वास येत होता. पन्नाशीचे एक क्लार्क. त्यांनी एकेक पान वर नेऊन उजेडात पाहिलं, पाकिटात सरकवलं, झाकणाच्या कडेवरून डिंकाचं बोट फिरवलं आणि गोल शिक्का असा उठवला, की अर्धा झाकणावर आणि अर्धा पाकिटावर. “उघडलं की मेलं,” ते म्हणाले. आमच्या पुढच्या मुलालाही हेच म्हणाले होते, मागच्या मुलीलाही म्हणाले.

पावसात स्कूटरवरून ते पाकीट प्लास्टिकच्या तीन पिशव्यांतून घरी आलं. रात्री जेवणं झाल्यावर पाहिलं तर हवेतल्या दमटपणाने झाकणाचा एक कोपरा सुटलेला. शिक्क्याची रेघ केसभर सरकली होती. “फेव्हिकॉल लावू या का?” मी विचारलं. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की जणू मी खोटी सही करायला सुचवलं होतं. दुसऱ्या दिवशी हाफ-डे टाकून ती परत गेली. क्लार्कमहाशय काही बोलले नाहीत. नवं पाकीट घेतलं आणि या वेळी झाकण तळहाताने बराच वेळ दाबून धरलं.

अनुभवाचं पत्र ही वेगळीच कथा. एचआरकडे ठरलेला दोन ओळींचा मजकूर: अमुक तारखेपासून, अमुक पदावर. कॅनडाला हवं असतं नेमकं काम, पगार आणि आठवड्याचे तास. शेवटी साइटच्या सीनियरबरोबर टपरीवर बसून तिने मसुदा केला: सळ्यांची तपासणी, काँक्रीटच्या क्यूब टेस्ट, ठेकेदाराची बिलं. “तास किती लिहू? पन्नास होतात,” तिने विचारलं. खरे तेच लिहिले. पण नियमात आठवड्याला ३० तास म्हणजे पूर्णवेळ, त्यावरचे धरत नाहीत. स्लॅबच्या रात्री पहाटे चारपर्यंत पंपाशेजारी उभं राहिल्याचे तिथे शून्य. खरं सांगायचं तर त्या स्लॅबांचेच शून्य. ते कसे झाले, हे या संपूर्ण प्रक्रियेत कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या प्रयत्नात राइटिंगला ७ आले. अठ्ठावन्न पदरात पडले आणि बेरीज ४५३ झाली. पेढे आणले. मग तिने जुन्या सोडती काढून दाखवल्या. २०२४ मधल्या सर्वसाधारण सोडती ५२० च्या वरच होत्या. पेढ्यांचा बॉक्स तसाच राहिला.

आता ती फ्रेंच शिकते. चारही भागांत मध्यम पातळी गाठली की भाषेचे १२ आणि वरचे ५० असे ६२ मिळतात. शिवाय फ्रेंच येणाऱ्यांची सोडत वेगळी निघते. मार्च २०२५ मध्ये ती ३७९ वर थांबली होती. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि साइटवरच्या गवंड्यांमुळे बरीचशी कन्नड तिला येते. त्यातल्या एकट्या इंग्रजीला गुण.

हे लिहिताना माझा तोल तिच्या बाजूला जातोय, याची जाणीव आहे. म्हणून दुसरी बाजूही सांगते. १९५१ च्या करारानुसार कॅनडाने भारतीयांसाठी वर्षाला १५० जागा ठेवल्या होत्या. मुख्यतः माणसाचा देश बघून दार उघडायचं. १९६७ मध्ये त्यांनी गुणांची पद्धत आणली, जगात पहिल्यांदा. या कोष्टकात आडनाव नाही, जात नाही, ओळखीचा साहेब नाही. “गॅरंटी” देणाऱ्या एजंटाकडे ती गेली नाही. हिशेब सरकारी संकेतस्थळावर फुकट होतो, आणि एजंटाला त्यात एक गुणही वाढवता येत नाही. ही पद्धत स्वच्छ आहे, असंच माझं मत झालं. पण ती माणूस मोजत नाही, माणसाचे कागद मोजते. आणि त्या कागदांनाही मुदत: इंग्रजीचा निकाल दोन वर्षं, पदवीची पारख पाच वर्षं.

तुमच्या घरात कोणी याच वाटेवर असेल, तर ट्रान्सक्रिप्टचा अर्ज आधी करायला सांगा आणि पावसाळा टाळा.

डिसेंबरात वाढदिवस झाला. मी काही केलं नाही. त्या दिवशीही सकाळी सातला फ्रेंचचा वर्ग होता, नंतर साइट. रात्री तिने खातं उघडून पाहिलं. आकडा आपोआप बदलला होता: ४४७.