गोळ्या थांबल्या, आता हाडांचं काय?

हा भाग ऐकायचा राहिला असेल, तर हे वाचा. दोन मिनिटांचं काम आहे.

मध्ये आईचा फोन आला. "अरे, डॉक्टरांनी हाडांच्या गोळ्या थांबवल्या. पाच वर्षं झाली, सुटले एकदाची!" मलाही बरं वाटलं. पुढच्या तपासणीला तिच्यासोबत गेलो, तेव्हा कळलं की ही सुटका नाही, सुट्टी आहे. आणि सुट्टीचा अभ्यास असतोच!

आपलं हाड जिवंत असतं. जुना भाग खरवडला जातो, तिथे नवीन भरला जातो. पाळी गेल्यावर खरवडणं वाढतं आणि भरणं मागे पडतं. अलेंड्रोनेटसारख्या गोळ्या हे खरवडणं मंद करतात. त्या हाडातच मुरतात, त्यामुळे बंद केल्यावरही काही काळ परिणाम टिकतो. म्हणून फ्रॅक्चरचा धोका फार नसेल, तर साधारण ५ वर्षांनी डॉक्टर सुट्टी देऊ शकतात.

पण थांबा, ही सुट्टी सगळ्या औषधांना नाही. डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर ६ महिन्यांनी असतं. ते लांबवलं किंवा मनानेच बंद केलं, तर हाड झपाट्याने झिजतं आणि एकापेक्षा जास्त मणके दबू शकतात. तिथे नुसता व्यायाम पुरत नाही, पुढचं औषध लागतंच. म्हणून आजच घरातली फाइल उघडा, औषधाचं नाव बघा, डॉक्टरांना पुढचं विचारा आणि तारखेचा रिमाइंडर लावा.

आता व्यायाम. "मी रोज चालते की!" असं आई म्हणणारच. चालणं चांगलंच, पण हाडाला त्याहून जास्त भार हवा. ऑस्ट्रेलियातल्या 'लिफ्टमोर' अभ्यासात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका होत्या. त्यातल्या एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, देखरेखीखाली जड वजनं उचलली. ८ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता जवळपास ३ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची मात्र एक टक्क्याहून जास्त घटली.

म्हणून लगेच आईच्या हातात बारबेल देऊ नका हं! आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. सुरुवात साधी असते: हात न टेकता खुर्चीतून उठणं, भिंतीला हात लावून जोर काढणं, ओट्याला धरून टाचा उचलणं आणि तोल सांभाळत एका पायावर उभं राहणं.

काय टाळायचं? कमरेतून पुढे वाकणं. पश्चिमोत्तानासन नको, सूर्यनमस्कारही विचारल्याशिवाय नकोत. भरलेली बादली वाकून झटक्यात उचलायची नाही.

ताटात दूध, दही, तीळ आणि नाचणी असू द्या. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पाळी गेलेल्या बाईची रोजची गरज मात्र १२०० ची, त्यामुळे एका भाकरीवर भागत नाही. ड जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांना विचारून घ्या. घरात तंबाखू असेल, तर ती सुटायलाच हवी.

शेवटचं काम तुमचं. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा, न घसरणारी मॅट टाका, रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा ठेवा. अचानक पाठ दुखली किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटली, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टर गाठा.

आमच्याकडे आता कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत आई ओट्याशी टाचा उचलते. तुमच्या आईला आज फोन करा, आणि पहिला प्रश्न औषधाच्या नावाचा विचारा. भेटू पुढच्या भागात!