नाव इंग्लिश, शाळा मराठी

"बाबा, तुमच्या शाळेचं नाव इंग्लिश स्कूल, आणि शिकलात मराठीत. माझ्या शाळेचं नाव इंडियन स्कूल, आणि मी शिकते इंग्लिशमध्ये. असं कसं?"

एका गुरुवारी रात्री जेवताना आमच्या कन्येने हा प्रश्न टाकला. सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर पत्र्याच्या डक्टची मापे जुळवून मी घरी आलो होतो, पण हे माप काही जुळेना. तिची शाळा इथून जवळच, ईसा टाऊनला. १९५० साली सुरू झालेली. माझी शाळा पुण्याची, रमणबागेतली. न्यू इंग्लिश स्कूल. आम्ही एबीसीडी गिरवली ती पाचवीत! तोपर्यंत शाळेच्या नावातला 'इंग्लिश' हा शब्द आम्हाला फक्त देवनागरीत वाचता येत होता.

तिला उत्तर द्यायचे म्हणून शाळेचा इतिहास पुन्हा आठवू लागलो आणि लक्षात आले, की तिचा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत मास्तर होते. १८७४ पासून 'निबंधमाला' लिहीत होते. बदली झाली रत्नागिरीला. शास्त्रीबुवांनी सरकारी नोकरीला रामराम ठोकला आणि पुण्याला येऊन स्वतःची शाळा काढायचे ठरवले. इकडे डेक्कन कॉलेजातले दोन तरुण, टिळक आणि आगरकर, हेच स्वप्न पाहत होते. जानेवारी १८८० मध्ये बुधवार पेठेत मोरोबादादांच्या वाड्यात शाळा उघडली. टिळक पहिल्यापासून होते, माधवराव नामजोशी आले, पाठोपाठ वामन शिवराम आपटे आले, आणि एम. ए. आटोपून आगरकरही आले.

आता गंमत पाहा. ज्या शास्त्रीबुवांना मराठी भाषेचे शिवाजी म्हणतात, त्यांनी शाळेला नाव दिले 'न्यू इंग्लिश स्कूल'. इंग्रजीला 'वाघिणीचे दूध' म्हटले तेही त्यांनीच, असे सांगतात. परक्याची विद्या घ्यायची, पण शाळा आपल्या माणसांच्या हातात हवी आणि सामान्य घरातल्या मुलाला परवडायला हवी, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्या काळी हायस्कुलात वरच्या इयत्ता इंग्रजीतूनच शिकवत. मराठी माध्यम फार पुढे आले.

शाळेचे नाव लवकरच झाले. १८८२ मध्ये शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटरसाहेब येऊन शाळेची तारीफ करून गेले. पण तेच वर्ष कठीण गेले. मार्चमध्ये शास्त्रीबुवा वारले, वय जेमतेम बत्तिशीच्या आत. कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तरी शाळा बंद पडली नाही. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. त्याच साली गोपाळ कृष्ण गोखले नावाचा तरुण मास्तर शाळेत रुजू झाला. आजीव सदस्यांनी वीस वर्षे सेवा द्यायची आणि पगार महिना ७५ रुपये! पुढे मतभेद झाले, १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. माणसे दुरावली, पण संस्था टिकली. १८९९ मध्ये साताऱ्यालाही न्यू इंग्लिश स्कूल निघाले.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. या इंग्लिश स्कूलच्या मास्तरांनी १८८१ मध्ये 'केसरी' काढला, तो मराठीत. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर पचवले, आणि लिहिले मराठीत. तुरुंगात बसून शेक्सपिअरचा 'हॅम्लेट' त्यांनी 'विकारविलसित' म्हणून मराठीत आणला. टिळक आणि आगरकर पुढे कडाक्याचे भांडले, तेही मराठीतच! वाघिणीचे दूध प्यायले, पण आईची ओळख विसरले नाहीत.

आणि आम्ही? मी मराठीत शिकून परदेशात मास्टर्स केले. पहिले सहा महिने वर्गात तोंड उघडायला लाज वाटायची, पण गणित आणि थर्मोडायनॅमिक्स कुठे अडले नाही. तरीही मुलगी झाल्यावर ती लाजच आठवली आणि घरातसुद्धा तिच्याशी अर्धे इंग्रजी बोलू लागलो. शाळेला दोष देण्यात अर्थ नाही. शाळा तिचे काम चोख करते. जे काम माझे होते, ते मी केले नाही.

गेल्या वर्षी तिच्या आजोबांनी तिला हाताने लिहून पत्र पाठवले. तिला मराठी बोलता येते, पण वाचता येत नाही. मीच वाचून दाखवले. शेवटी त्यांनी लिहिले होते, "हे पत्र तुझं तू वाचलंस, तर मला जास्त आनंद होईल." ते वाक्य मी गाळले. परवाच्या प्रश्नानंतर ती पत्राची घडी कपाटातून काढली आणि तिच्यासमोर ठेवली. म्हटले, "शेवटची ओळ तेवढी तू वाच." अक्षर अक्षर लावत तिला दहा मिनिटे लागली. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, ही ओळ तेव्हा नव्हती!"

मी काय उत्तर देणार?

आता दर शुक्रवारी सकाळी आमच्या दिवाणखान्यात तासभर मराठी चालते. सध्या विद्यार्थी एकच, आणि मास्तरला शुद्धलेखन पुन्हा शिकावे लागते आहे. सलमाबाद, ईसा टाऊनच्या बाजूची आणखी दोन-चार मुले आली तर बरेच होईल. चहा-पोहे आमच्याकडे. फी नाही, पण पालकांनी मुलांना दारात सोडून परत जायचे नाही. आत येऊन बसायचे!