स्वस्ताईचं गणित फळीमागे असतं

डी-मार्टसारख्या साखळी दुकानात डाळ चार पैशांनी स्वस्त का मिळते? ‘ते घाऊक घेतात’ हे उत्तर अर्धंच आहे. 2002 मध्ये पवईत पहिलं दुकान थाटलेल्या या साखळीची खरी ताकद दोन सवयींत आहे: पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून चांगला भाव मिळवणं आणि झटपट खपणारा मालच ठेवणं. माल आठवड्यात खपला तर तेच भांडवल महिन्यात चार वेळा फिरतं; महिनाभर पडून राहिला तर एकदाच. म्हणून कमी नफ्यातही दुकान चालतं.

लातूर-नांदेडच्या किराणा दुकानदाराला तर अंतराचाही फायदा आहे. बाजार समितीत सौदा झालेली तूर लातूरच्याच मिलमध्ये तेल-पाणी लावून, वाळवून, भरडून डाळ होते. गंजगोलाईच्या बाजारपेठेपर्यंत यायला तिला कितीसा वेळ लागणार? ‘थेट मिलमधून माल घ्यायची एकट्याची ऐपत कुठे?’ हा आक्षेप रास्त आहे, पण दहा दुकानदारांनी मागणी एकत्र नोंदवली तर भावाची बोलणी बरोबरीने होतात. दुसरा आक्षेप उधारीचा. शेतकरी गिऱ्हाईक सुगीनंतर बिल भागवतं, हे खरंच. पण उधारीत पैसा अडकतो म्हणूनच न खपणाऱ्या मालात तो अडकवणं परवडत नाही. दुकानदार बंधू-भगिनींनो, प्रत्येक खोक्यावर माल आल्याची तारीख टाका, जुना माल पुढे आणि नवा मागे लावा, आणि महिनाभर न हललेली वस्तू पुन्हा मागवू नका.